अकरा ग्रॅम

ओइवामामाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र,
त्यावर गोळ्या बुडावर उभ्या,
पंगतीला बसायची वाट बघत असल्यासारख्या.
कुह्मोपासून रस्ता पुढे सरहद्दीकडे जातो,
या घरानंतर फक्त जंगल.
माझा परवाना खिशात आहे.
शनिवारी माझं पहिलं मूस हरीण.

"नेम कोणीही शिकतं," मामा म्हणतो,
"आधी हे ठरव,
आत गेल्यावर गोळीनं काय करायचं."

ही पातळ कातडीची.
खांद्याच्या हाडावर आपटली की फुटते,
तापट पाहुण्यासारखी,
दारातच सगळं बोलून मोकळी.
आत काही पोचत नाही.
जनावर तीन पायांवर दलदलीत शिरतं
आणि आपण रात्रभर बॅटरी घेऊन मागे.

ही दुसरी, नखशिखांत चिलखत.
या फासळीतून आत, त्या फासळीतून बाहेर,
वाटेत कोणाशी शब्द नाही.
मूसला कळतच नाही आपण मेलोय.
चालत राहतो. मैलभर पुढे
कावळ्यांना आधी कळतं.

म्हणजे गोळीनं उघडायचं, पण फार नाही.
आणि आत मुक्काम करायचा नाही.
"एवढंच?"
"एवढंच," तो म्हणतो,
बशीत कॉफी ओततो,
साखरेचा खडा दाताखाली धरून भुरका मारतो.

चाळीस वर्षं त्याची एकच पेटी होती:
पोटात शिसं, वरून झिलई.
दुकानात लेम्पी नवी काढून दाखवायची,
सबंध तांब्याची.
दीडपट किंमत! हा ओरडायचा,
मी काय मूसला दागिना घडवतोय?

मग मार्च.
तळ्याच्या बर्फावर गरुड बसलेला.
बसलेला कसला, सांडलेला.
पंख वाळत टाकलेल्या घोंगडीसारखे,
मान पडलेली, शेपटीखाली हिरवा डाग.
मामा हातभर जवळ गेला तरी उडेना.
कोटात गुंडाळून गाडीत घेतला,
दोन तासांचा रस्ता,
आणि शेजारी तुइस्कु,
खारीचं शेपूट दिसलं तरी घसा फोडणारी कुत्री,
आवाज नाही.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला.
पोटात एक पांढरा ठिपका,
साबुदाण्याएवढा.
शिसं, त्या म्हणाल्या.
शिकारीनंतर रानात टाकलेली आतडी खाल्ली असणार.
गोळी कोणाची, त्यांनी विचारलं नाही.
आमच्या टोळीत बारा बंदुका.
पहाटे फोन आला.

मामानं भाषण केलं नाही.
जुनी पेटी खिडकीला अडण म्हणून लावली,
अजून आहे, बघा.
लेम्पीशी घासाघीस केली, हरला,
आणि सबंध ऑगस्ट वाळूच्या खाणीत
कागदाला भोकं पाडत बसला.
तांबं हलकं, म्हणून गोळी लांब,
त्याच्या म्हाताऱ्या नळीला ती मानवेना.
एकदा दोन बोटं डावीकडे, एकदा वर,
एकदा कागदच सोडून.
मग एका संध्याकाळी
तीन भोकं अशी, की वरून एक नाणं झाकावं.

"तर ही घे. अकरा ग्रॅम."
तळहातावर थंड. नाकाला बारीक छिद्र,
वाटतं आता शीळ घालेल.

शनिवार. शेवाळ कडक गोठलेलं.
तुइस्कुचं भुंकणं पळत होतं,
ते एका जागी थांबलं,
म्हणजे तो उभा आहे.
पाइनच्या मधून मला आधी त्याची वाफ दिसली.
खांद्याच्या मागे, वीतभर.
अर्धा श्वास सोडला, अर्धा राहिला.

तो अठ्ठावीस पावलं गेला.
मी मोजली, दुसरं काय करावं सुचेना.
मग गुडघे, आधी पुढचे.

पलीकडे बाहेर पडलेली गोळी
मी तासभर शोधली.
तिच्या पाकळ्या बघायच्या होत्या.
"असेल कुठल्या झाडात," मामा म्हणाला, "राहू दे."
बाह्या वर करून तो कामाला लागला,
हात कोपरापर्यंत लाल, गरम.

दरवर्षी आतडी तिथंच पडायची,
कोणी मागे बघायचं नाही.
आज त्यानं ती ओढत ओढत
उघड्या माळावर नेली, झाडांपासून लांब,
वरून दिसतील अशी.
मान मागे टाकून उभा राहिला.
वर काही नव्हतं, नुसतं पांढरं.
"येईल," तो म्हणाला,
आणि बर्फानं हात घासत,
"नाही आला तर कोल्हा आहेच."